हरत हरत शिकायची तलवारबाजी

शनिवार-रविवारचा सेल लागला की जुन्या ॲडव्हेंचर गेम्सच्या किमती एकदम खाली येतात. जीओजी आणि स्टीम या दोन्ही ऑनलाइन दुकानांत हे वरचेवर घडतं. सेल संपायच्या आत माणसं चार-पाच गेम पदरात पाडून घेतात आणि त्यातले निम्मे पुढे कधी उघडतही नाहीत. माझं म्हणणं असं की या वेळी एकच घ्यावा आणि तो शेवटापर्यंत खेळावा. तो एक म्हणजे ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’. लुकासफिल्म गेम्सने १९९० साली काढलेला हा गेम रॉन गिल्बर्टने टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांना सोबत घेऊन रचला. गेममधलं लेखन किती उंचीला जाऊ शकतं हे ज्याला पाहायचंय, त्याला मी दुसरं कुठलंच नाव आधी सांगणार नाही.

गोष्ट साधी आहे. कॅरिबियन समुद्रातलं एक बेट, रात्रीची वेळ. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक पोरगेला तरुण टेकडीवरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यापुढे येतो आणि सांगतो, मला समुद्री चाचा व्हायचंय. त्याला तलवार धड धरता येत नाही, आणि त्याचं नाव ऐकूनच लोकांना हसू येतं. तीन बडे चाचे त्याला तीन परीक्षा घालून देतात: तलवारबाजी, चोरी आणि खजिन्याचा शोध. गिल्बर्टला हे सुचलं ते डिस्नेलँडमधल्या चाच्यांच्या राइडवरून. नावेत बसून नुसतं बघत पुढे जायचं, त्याऐवजी मधेच उतरून त्या माणसांशी बोलता आलं तर? टिम पॉवर्सच्या ‘ऑन स्ट्रेंजर टाइड्स’ या कादंबरीचाही त्याच्या मनावर पगडा होता. पण त्या एका इच्छेतून, नावेतून उतरण्याच्या इच्छेतून, सगळा गेम उभा राहिलाय हे खेळताना पावलोपावली जाणवतं. इथे पळापळ नाही. बारमध्ये शिरावं, दिसेल त्याच्याशी बोलावं, स्वयंपाकघरात कुणी नाही असं पाहून एखादं भांडं लांबवावं.

हे सगळं करायचं ते पडद्याच्या तळाशी असलेल्या क्रियापदांच्या पाटीवरून. उघड, बंद कर, दे, घे, ढकल, ओढ, बघ, बोल, वापर. आधी क्रियापदावर क्लिक, मग वस्तूवर. १९८४च्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये आज्ञा टाइप कराव्या लागत आणि संगणकाला नेमका कोणता शब्द कळतो हे शोधण्यातच जीव मेटाकुटीला येई. गिल्बर्टच्या मंडळींनी १९८७च्या ‘मॅनिअ‍ॅक मॅन्शन’साठी ‘स्कम’ नावाची प्रणाली बनवली आणि तो जाच संपवला. मंकी आयलंडमधल्या बारचं नाव ‘स्कम बार’ आहे, ते तिच्यावरूनच.

दुसरा जाच होता मरणाचा. त्या काळच्या कितीतरी ॲडव्हेंचर गेम्समध्ये एक पाऊल चुकलं की नायक संपला; मागे सेव्ह केलेल्या जागेवरून पुन्हा सुरुवात. गिल्बर्टने १९८९ साली लेख लिहून या रीतीवर टीका केली होती, आणि मंकी आयलंड हे त्या टीकेचं प्रात्यक्षिक आहे. इथे नायक मरत नाही (एक अपवाद आहे, त्याकडे येतोच), त्यामुळे खेळणाऱ्याची भीड चेपते. जे करू नये ते तो आधी करून बघतो. आणि त्याच्या प्रत्येक वेडेपणासाठी लेखकांनी एक चांगली ओळ लिहून ठेवलेली असते.

आता तलवारबाजी. माझ्या मते आजवर कुठल्याही गेममध्ये रचलेला हा सर्वांत देखणा प्रसंग आहे. जुने चाचेपट पाहताना या मंडळींच्या लक्षात आलं की नायक-खलनायक तलवारी परजतात खरे, पण रंग भरतो तो त्यांच्या बोलण्याने. म्हणून त्यांनी तलवारी बाजूला ठेवून लढाई जिभेवर आणली. समोरचा तुम्हाला एक टोमणा मारतो. त्याला चपखल बसेल असं उत्तर तुम्ही दिलंत तर तो मागे हटतो. फसलात तर तुम्ही. तमाशातल्या सवाल-जवाबाची गोडी ज्याने चाखलीय, त्याला यापुढे काही समजावून सांगायला नको. ऑर्सन स्कॉट कार्ड या विज्ञानकथालेखकाचाही टोमण्यांच्या लेखनाला हातभार लागला होता.

पण खरी करामत पुढे आहे. सुरुवातीला तुमच्याजवळ भांडवलच नसतं. दोन-चार पोरकट उत्तरं, बस. रस्त्यात भेटेल त्या चाच्याशी भिडायचं आणि हरायचं. त्याने मारलेला नवा टोमणा तुमच्या यादीत जमा होतो. मग तोच टोमणा तुम्ही पुढच्याला मारायचा, आणि त्याच्याकडे त्याचं उत्तर असेल तर पुन्हा हरायचं. कारण तो जे उत्तर देतो, ते आता तुमचं. म्हणजे टोमणा शिकायला एकदा हार, उत्तर शिकायला दुसऱ्यांदा. एरवी गेममध्ये हरणं म्हणजे वाया गेलेला वेळ. इथे हरल्याशिवाय गाठीला काही लागतच नाही, आणि हरताना मन खट्टू होत नाही, उलट कान टवकारले जातात.

यादी भरली की रानात एकटी राहणाऱ्या कार्लाकडे जायचं. ती बेटावरची तलवारबाजीची उस्ताद. आणि ती जे टोमणे मारते, त्यातला एकही तुम्ही ऐकलेला नसतो. क्षणभर पायाखालची जमीन सरकते. मग ध्यानात येतं की उत्तरं जुनीच चालतात, फक्त ती नव्या जागी बसवायची आहेत. रस्त्यावरचा चाचा म्हणाला होता की तू गवळ्यासारखा लढतोस. त्याला उत्तर होतं, बरोबरच आहे, तू गाईसारखा लढतोस ना. कार्ला धमकावते की तुझ्या अंगातलं रक्त दुधासारखं थेंब न् थेंब काढून घेईन. इथे गवळ्याचं नाव नाही, पण धार काढणं आहे. गाय पुन्हा बाहेर येते, आणि बसते! ज्याने नुसतं पाठ केलं तो इथे अडतो, ज्याला उत्तराचा रोख कळला तो जिंकतो. शिकणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं चित्र मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेलं नाही, आणि ते काढलंय एका शब्दाचंही प्रवचन न देता.

चोरीच्या परीक्षेत आणखी दोन जागा अशा आहेत की तिथे थांबलंच पाहिजे. गव्हर्नर एलेन मार्लीच्या वाड्यातून एक मूर्ती चोरायची असते. आत शेरीफ आणि गायब्रश यांची जुंपते, पण ती भिंतीपलीकडे. आपल्यापुढे रिकामं दालन आणि पलीकडून आदळआपट. अशा वेळी तळाच्या पाटीवर आपण क्लिक न करताच आज्ञा उमटू लागतात: हे घे, ते याच्यावर वापर. आणि त्यांत अशा काही भलत्या वस्तू येतात की पलीकडे काय चाललंय याची कल्पना करताना हसून मुरकुंडी वळते. इतका वेळ जी पाटी आपलं हत्यार होती, ती आता निवेदक झालेली असते. मारामारी चितारायला लागणारी सगळी चित्रं त्यांनी वाचवली आणि दाखवली असती त्यापेक्षा मोठी मारामारी आपल्या डोक्यात घडवली.

त्यानंतर गायब्रशला त्याच मूर्तीला बांधून समुद्रात ढकलतात. तळाशी आजूबाजूला चाकू, तलवार, कात्री, धार असलेली हरतऱ्हेची वस्तू पडलेली, आणि एकही हाताशी येत नाही. आपण प्रत्येकीवर क्लिक करून थकतो. उत्तर? मूर्तीच उचलायची आणि चालू लागायचं. ज्याने आपल्याला खाली धरलंय त्याच्याकडे सोडून सगळीकडे आपण बघितलेलं असतं. गायब्रश पूर्वी सांगून चुकलाय की मी दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. तुम्ही खरोखर दहा मिनिटं काही केलं नाहीत तर तो मरतो. हाच तो अपवाद. आणि मेल्यावर पाटीवरची क्रियापदं बदलतात: तरंग, फुग, कुज. त्यांतच एक असतं, हिंटचं पुस्तक मागव.

सेलच्या निमित्ताने स्टॅनचं नाव घ्यायलाच हवं. जुनी जहाजं विकणारा हा गडी हात नाचवत बोलत असतो, आणि त्याच्या कोटावरच्या चौकडी मात्र जागच्या हलत नाहीत. अंग हलतं, नक्षी स्थिर. त्याच्याशी घासाघीस करताना तो एकेक जादा सोय गळ्यात मारू बघतो आणि आपण एकेक नाकारत किंमत उतरवतो. हे संभाषण म्हणजेच कोडं आहे.

आज विकत मिळते ती २००९ची स्पेशल एडिशन. तिच्यात चित्रं नव्याने काढली आहेत, आवाज दिले आहेत, आणि एफ टेन दाबलं की गेम जुन्या रूपात जातो. डॉमिनिक आर्माटोचा गायब्रश कानाला फार गोड लागतो, तरी पहिल्यांदा खेळताना जुनं रूप घ्यावं असं मला वाटतं. तिथे संवाद वाचायचे असतात, आणि टोमण्याला उत्तर शोधताना वाचण्याची लय बरी पडते. शिवाय ती रात्र! मूळ आवृत्ती अवघ्या सोळा रंगांत होती आणि मार्क फेरारीसारख्या चित्रकाराने त्या तुटपुंज्या रंगांचे ठिपके शेजारी शेजारी मांडून आकाशाला खोली आणली. २५६ रंगांची आवृत्ती नंतर आली. एफ टेन दाबल्यावर दिसते ती हीच. नव्या चित्रांत सगळं स्वच्छ दिसतं, पण त्या निळ्या काळोखातली गूढता उणावते. मायकेल लँडचं शीर्षकसंगीत दोन्ही रूपांत आहे. ते पूर्ण ऐकल्याशिवाय सुरुवात करू नये.

अडकलात तर इंटरनेटवर तयार उत्तर बघण्याचा मोह होईल. स्पेशल एडिशनमध्ये मदतीची सोय आहे, ती टप्प्याटप्प्याने सुचवते, तेवढी पुरे. त्याहून बरं म्हणजे गेम बंद करून जेवायला बसावं. ही कोडी पडद्यासमोर जितकी सुटतात तितकीच पडद्यापासून लांब गेल्यावर. दुसरा भाग, १९९१चा ‘लेचक्स रिव्हेंज’, दुकानात शेजारीच दिसेल. तो जास्त मोठा आहे आणि त्याची कोडीही जास्त कठीण. तो पुढच्या सेलला घेतलात तरी चालेल.