भाव, किंमत आणि मोल : 'डायब्लो थ्री'मधील लिलावगृहाची चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकीय खेळ हा गंभीर समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न आपल्या विद्यापीठीय चर्चाविश्वात अद्यापही काहीशा संकोचाने विचारला जातो. मराठीत या विषयावर जे लिहिले जाते ते बहुधा मुलांचा अभ्यास, डोळे आणि वेळ यांच्या नासाडीविषयी असते. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु कादंबरीवाचनाने मुले बिघडतात असे म्हणणाऱ्यांनी कादंबरीची समीक्षा केली, असे आपण मानीत नाही. खेळाची समीक्षा करावयाची तर त्याच्या नियमांकडे वळावे लागते. नियम हीच खेळाची भाषा होय.

प्रस्तुत लेखात अशाच एका नियमव्यवस्थेचा विचार करावयाचा आहे. ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीचा 'डायब्लो थ्री' हा खेळ १५ मे २०१२ रोजी प्रसिद्ध झाला. खेळाडूंनी आपापसांत वस्तूंची खरेदी-विक्री करावी यासाठी त्यात लिलावगृह उभारलेले होते. खेळातील सोन्याच्या बदल्यात चालणारे लिलावगृह आरंभापासूनच खुले होते. प्रत्यक्ष चलनात चालणारे दुसरे लिलावगृह १२ जून २०१२ रोजी उघडले. १८ मार्च २०१४ रोजी दोन्ही कायमची बंद करण्यात आली. आपणच बांधलेली पेठ कंपनीने दोन वर्षांच्या आत स्वहस्ते पाडावी, ही घटना असाधारण म्हटली पाहिजे.

या घटनेचे रूढ स्पष्टीकरण असे की, खेळात खरा पैसा शिरला आणि खेळ नासला. हे स्पष्टीकरण नैतिकदृष्ट्या सोयीचे असले तरी अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बिघाडाचे मूळ पैशात नसून बाजाराच्या घडणीत होते.

सापडणे ही क्रिया

'डायब्लो' मालिकेचे कथानक साधे आहे. नगर उद्ध्वस्त झाले आहे, भूगर्भातून राक्षस वर येत आहेत, नायक त्यांचा संहार करतो. ही कथा म्हणून फारशी थोर नाही. या मालिकेचा खरा रस अन्यत्र आहे. मेलेल्या राक्षसाच्या देहातून काहीतरी पडते : तलवार, शिरस्त्राण, अंगठी. दुर्मिळ वस्तूचे गुणधर्म सहापर्यंत असतात आणि ते यदृच्छेने ठरतात. वस्तू उचलल्यावर प्रथम तिची ओळख पटवावी लागते. त्या दोन-चार क्षणांपर्यंत ती काय आहे हे खेळाडूला ठाऊक नसते. तिच्यामुळे आपला नायक कालच्याहून बलवान होईल काय, हीच या खेळातील उत्कंठा. तेच ते राक्षस शेकडो वेळा मारण्याचा कंटाळा सुसह्य होतो तो या एका क्षणाच्या आशेवर.

येथे आपल्या भाषेतील तीन शब्द उपयोगी पडतात. 'भाव' हा मालाच्या जातीला असतो. कांद्याचा भाव, सोन्याचा भाव. 'किंमत' ही एका विशिष्ट वस्तूची, दोन माणसांत ठरणारी. आणि 'मोल' हे वस्तूचे तिच्या धन्याशी जे नाते असते त्याचे नाव. आजीच्या नथीला भाव सोनाराकडे मिळतो, मोल मात्र घरात असते. 'डायब्लो'तील सापडलेल्या वस्तूला मूळात मोल होते. तिला किंमतही असू शकत होती. लिलावगृहाने तिला भाव दिला.

बोगद्यातील बाजार

वस्तुतः खेळाडूंचा व्यापार ही २०१२ मधील नवी गोष्ट नव्हे. 'डायब्लो टू' (२०००) या खेळात सोने इतके निरुपयोगी ठरले की खेळाडूंनी ते चलन म्हणून टाकून दिले आणि 'स्टोन ऑफ जॉर्डन' नावाच्या अंगठीत हिशेब करण्यास प्रारंभ केला. एखादे कवच अमुक इतक्या अंगठ्यांना जात असे. पुढे सदोष संगणकीय रचनेचा लाभ घेऊन त्या अंगठ्यांच्या नकला निघाल्या आणि खोट्या नाण्याचा प्रश्न तेथेही उपस्थित झाला.

त्याआधीच्या 'एव्हरक्वेस्ट' (१९९९) या खेळात आरंभी बाजारपेठच नव्हती. खेळाडूंनी ईस्ट कॉमनलँड्स या प्रदेशातील एक बोगदा परस्परसंमतीने बाजार म्हणून निवडला. निर्मात्यांनी तो त्या हेतूने रचलेला नव्हता. विक्रेते तेथे उभे राहून आपला माल ओरडून सांगत, गिऱ्हाईक थांबून घासाघीस करी, फसवणूक झाली तर नाव बदनाम होई. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये या खेळातील नॉराथ नामक जगाचा जो प्रसिद्ध अभ्यास केला, त्यात तेथील दरडोई उत्पन्न २,२६६ डॉलर, म्हणजे रशिया व बल्गेरिया यांच्या दरम्यानचे, असे गणित मांडले. त्या अभ्यासाचा गौरव पुष्कळ झाला आणि तो रास्तही आहे. तथापि कॅस्ट्रोनोव्हा यांचे गणित खेळाबाहेरील संकेतस्थळावरील लिलावांच्या आधारे रचलेले होते. बोगद्यातील आरडाओरडा त्या आकड्यात मावत नाही. तेथे किंमत ही बोलण्यातून जन्माला येत होती.

लिलावगृहातील किंमतनिश्चिती

'डायब्लो थ्री'च्या कर्त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. बाहेरच्या संकेतस्थळांवर वस्तू विकत घेताना खेळाडू फसतात, त्यांना सुरक्षित जागा द्यावी, अशी त्यांची भूमिका होती. आता या जागेचे नियम पाहू.

विक्रेत्याला एका वेळी दहाच वस्तू लिलावास ठेवता येत. आरंभीची बोली आणि थेट खरेदीची किंमत असे दोन आकडे त्याने ठरवावयाचे. अडचण अशी की कोणत्याही दोन दुर्मिळ तलवारी तंतोतंत सारख्या नसत. म्हणून विक्रेता आधी गिऱ्हाइकाच्या भूमिकेत शिरे : आपल्या वस्तूचे मुख्य गुणधर्म शोधचौकटीत भरी आणि तशा वस्तू इतरांनी काय किमतीला मांडल्या आहेत ते पाही. परंतु तेथे दिसत त्या विक्रीस असलेल्या, म्हणजेच अद्याप न विकल्या गेलेल्या वस्तू. विकली गेलेली वस्तू यादीतून नाहीशी होई. परिणामी नवखा विक्रेता नेमक्या त्या किमतींवरून शिके ज्या कोणी दिलेल्या नव्हत्या! ज्यांना हे उमगले ते चुकून स्वस्त मांडलेल्या वस्तू टिपून त्याच जागी महाग विकू लागले. असा खेळाडू राक्षस मारीत नसे; तो दिवसभर यादीसमोर बसे आणि तरीही इतरांहून बलवान होई.

शोधचौकटीचा परिणाम याहूनही खोल होता. गिऱ्हाईक जे गुणधर्म निवडी त्यांपैकी एक जरी नसेल, तर वस्तू त्याच्या दृष्टीस पडतच नसे. म्हणून मोजक्या गुणधर्मांची विशिष्ट जुळणी हाच 'माल' ठरला आणि उरलेले सारे भंगार. विचित्र, एकांगी, पण एखाद्या कल्पक खेळाडूच्या हाती चमत्कार करू शकेल अशा वस्तूला बोगद्यात गिऱ्हाईक भेटले असते. येथे भेटणे अशक्य. विक्रेता आणि गिऱ्हाईक परस्परांस अनामिक राहत, बोलण्याची सोय नव्हती, आणि अमेरिका, युरोप व आशिया या प्रत्येक विभागाची यादी एकच होती. अंतर नाही, संवाद नाही, ओळख नाही.

दलालीविषयी एक टीप. सोन्याच्या लिलावगृहात विक्रीच्या १५ टक्के कपात होई. प्रत्यक्ष चलनात शस्त्र अथवा कवच विकले तर प्रत्येकी एक डॉलर, आणि मिळालेली रक्कम खेळाबाहेर न्यावयाची तर आणखी १५ टक्के. दोन डॉलरना विकलेल्या ढालीतून विक्रेत्याच्या हाती ८५ सेंट पडत. एवढी अडत आपल्या कोणत्याही बाजारसमितीत शेतकऱ्याने मुकाट्याने सोसली नसती. कमाल किंमत २५० डॉलरवर रोखलेली होती. त्यापलीकडच्या वस्तू पुन्हा बाहेरच्या चोरबाजारात गेल्या. म्हणजे ज्या बाजाराला पर्याय म्हणून ही जागा बांधली, त्यालाच उत्तम माल पुरविण्याची तजवीज नियमाने केली.

सोन्याचा प्रकार तर शिकण्यासारखा आहे. प्रत्यक्ष चलनात सोने ठराविक ढिगांनी विकले जाई आणि एका ढिगाला २५ सेंटपेक्षा कमी किंमत लावता येत नसे. राक्षस सोने सांडीतच होते, त्यामुळे सोन्याचे मूल्य घसरत गेले आणि दहा लाखांचा ढीगही या तळाला टेकला. मे २०१३ मध्ये कंपनीने ढीग एक कोटीचा केला. त्या बदलातील दोषामुळे लिलाव रद्द करताच सोने दुप्पट परत मिळू लागले आणि लिलावगृहे काही काळ बंद ठेवावी लागली.

या सगळ्यात पैसा कोठे आहे? पैसा आहेच, परंतु सोन्याच्या लिलावगृहात एक पैसाही खरा नव्हता आणि तेथेही हेच घडले. खेळाचे मूळ प्रमुख जे विल्सन यांनी २०१३ च्या खेळनिर्मात्यांच्या परिषदेत मान्य केले की, थोडेच लोक लिलावगृहाकडे वळतील हा आपला अंदाज साफ चुकला. जवळजवळ प्रत्येक खेळाडूने दोहोंपैकी एकाचा वापर केला.

त्या उन्हाळ्यात प्रस्तुत लेखक वसतिगृहात राहत होता. खोलीतील मित्राला मध्यरात्रीनंतर एक उत्कृष्ट धनुष्य सापडले. आम्ही तिघे उठून त्याच्या पडद्याभोवती जमलो, तोवर त्याने शोधचौकट उघडलेली होती. धनुष्य त्याने एकदाही चालवून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी ते विकले गेले आणि आलेल्या सोन्यातून त्याने दुसऱ्या कोणाला तरी सापडलेले धनुष्य विकत घेतले.

नाशाची आवश्यकता

येथे 'ईव्ह ऑनलाइन' या आइसलँडमधील सीसीपी कंपनीच्या खेळाशी (२००३) तुलना उद्बोधक ठरते. या अंतराळविश्वात लिलावगृहाहूनही विस्तृत बाजार आहे. कंपनीने २००७ मध्ये एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाची नियुक्ती केवळ त्याच्या निरीक्षणासाठी केली. खऱ्या पैशाने विकत घेतलेली सदस्यत्वाची हमी खेळातील चलनात विकण्याची मुभा तेथे दीड दशकाहून अधिक काळ आहे. पैसा अधिकृत मार्गाने आत येतो, बाहेर जात नाही, हा फरक मान्य केला तरी खऱ्या पैशाच्या स्पर्शाने तो खेळ नासलेला नाही.

याची कारणे दोन. तेथे जहाज फुटले की ते कायमचे गेले. मागणी नाशातून सतत नवी होते. 'डायब्लो थ्री'तील तलवार झिजली तरी थोड्या सोन्यात दुरुस्त होई आणि हातोहात फिरत राही. प्रत्येक दिवशी चांगल्या वस्तूंचा साठा वाढे, आणि काल सापडलेली अभिमानाची वस्तू आज सामान्य ठरे. दुसरे कारण अंतर. 'ईव्ह'मध्ये जिटा या गजबजलेल्या केंद्रात विकत घेतलेला माल दूरच्या प्रदेशात कोणीतरी वाहून न्यावा लागतो आणि वाटेत लुटारू असतात. किमतीतील फरक हा त्या जोखमीचा मोबदला असतो. तेथेही विक्रेते एकमेकांच्या किमतीखाली चलनाचा शतांश भाग उतरून दिवस घालवीत. मार्च २०२० मध्ये किंमत बदलण्यावर शुल्क आणि बदलाला किमान टप्पा लावून कंपनीने त्यास आळा घातला. बाजार मोडला नाही, त्यात पुन्हा थोडी अडचण निर्माण केली.

उपायाची चिकित्सा

'डायब्लो थ्री'च्या कर्त्यांनी याच्या उलट मार्ग धरला. फेब्रुवारी २०१४ मधील सुधारणेने वस्तू कमी, परंतु खेळाडूच्या नायकाला साजेशा पडू लागल्या. हा बदल निःसंशय स्वागतार्ह होता. सापडण्याचा आनंद परत आला. त्यानंतर लिलावगृहे मिटली. परंतु कंपनी तेथे थांबली नाही. बहुतेक महत्त्वाच्या वस्तू ज्याला सापडल्या त्याच्या खात्याशी कायमच्या जखडल्या गेल्या.

या उपायाची स्तुती करणाऱ्यांनी एका गोष्टीकडे दुर्लक्ष केले आहे. विक्री थांबविण्यासाठी हस्तांतरच थांबविले, आणि हस्तांतरात विक्रीखेरीज देणेही असते. 'डायब्लो टू'मध्ये जुना खेळाडू आपल्या उपयोगाची न राहिलेली तलवार नवख्यासमोर जमिनीवर टाकून निघून जाई. पुष्कळांची या खेळाशी पहिली ओळख अशाच एका तलवारीने झाली. नव्या व्यवस्थेत वस्तू पडली त्या वेळी सोबत खेळत असलेल्या सोबत्यालाच ती देता येते, आणि तीही दोन तासांच्या आत. त्या रात्री जो मित्र झोपलेला असेल, त्याच्यासाठी काही राखून ठेवता येत नाही.