पायऱ्या कोणाच्या आणि मोजायच्या कशा?

शिक्षण महाविद्यालयातील पहिला सराव पाठ आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. हातात पाठ टाचण, मागच्या बाकावर निरीक्षक, आणि आपले सारे लक्ष वर्गाकडे नसून त्यांच्या शेऱ्याच्या वहीकडे! पुढे काही वर्षांनी तोच शिक्षक एखाद्या मुलाचा उतरलेला चेहरा पाहून चालू पाठ क्षणभर थांबवू शकतो. मधल्या काळात त्याच्यात काय बदलते?

समुपदेशकांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न कॅल स्टोल्टेनबर्ग आणि अर्सुला डेलवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ‘सुपरवायझिंग कौन्सेलर्स अँड थेरपिस्ट्स’ या १९८७ सालच्या पुस्तकात केला. प्रशिक्षणार्थी तीन पायऱ्या चढतो, असे ते मांडतात. पहिल्या पायरीवर उत्साह भरपूर, पण लक्ष स्वतःवर. ‘माझे चुकत तर नाही ना?’ ही धास्ती असते आणि पर्यवेक्षकाने नेमके काय करायचे ते सांगावे, अशी अपेक्षा असते. दुसऱ्या पायरीवर लक्ष समोरच्या व्यक्तीकडे वळते, कधी इतके की तिच्या दुःखात आपणच वाहून जातो. उत्साह कमीजास्त होतो. मार्गदर्शन हवेही असते आणि नकोसेही वाटते. तिसऱ्या पायरीवर स्वतःचे भान आणि दुसऱ्याचे भान यांचा मेळ बसतो. पर्यवेक्षकानेही या पायऱ्यांनुसार आपली रीत बदलावी, हे या पुस्तकाचे मुख्य सांगणे आहे.

हे वर्णन आम्हाला पटते. विशेषतः दुसऱ्या पायरीचा गोंधळ हे अपयश नसून वाढीचे लक्षण असू शकते, ही दृष्टी मोलाची आहे. एकच व्यक्ती एका कामात तिसऱ्या आणि दुसऱ्या कामात पहिल्या पायरीवर असू शकते, हेही लेखकांनी स्पष्ट केले आहे. वीस वर्षे गणित उत्तम शिकवणारा शिक्षक रडणाऱ्या मुलासमोर नवशिकाच असतो.

मात्र पायऱ्यांच्या पुराव्याकडे पाहिले की शंका येते. एलिझाबेथ हॉलोवे यांनी १९८७ सालीच विचारले होते, की याला ‘विकास’ म्हणावे का? पुरावा बहुतांशी प्रशिक्षणार्थींनी स्वतःविषयी सांगितलेल्या गोष्टींचा होता. त्याच व्यक्तींचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्याऐवजी नवख्या आणि अनुभवी गटांची एकाच वेळी तुलना केलेली होती. उंच आणि ठेंगण्या मुलांची तुलना करून एकच मूल कसे वाढते हे कळत नाही. तसेच हे आहे. शिवाय आत्मविश्वास वाढला म्हणजे समोरच्या माणसाला बरे वाटू लागले, असेही नाही.

येथे गोव्यातील ‘संगत’ या संस्थेचे काम उपयोगी पडते. तेथे मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशक म्हणून तयार करण्यात आले. परवानगीने ध्वनिमुद्रित केलेल्या भेटी ऐकून ठरावीक मोजपट्टीवर गुण दिले जात. तज्ज्ञही देत आणि सहकारी समुपदेशकही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा १८९ भेटी होत्या. एकामागून एक आलेल्या तीन कालखंडांत सहकाऱ्यांचे आणि तज्ज्ञांचे गुण एकमेकांच्या जवळ येत गेले. म्हणजे येथे वाढ दिसली ती ‘मला आता कसे वाटते’ यात नव्हे, तर चांगली भेट ओळखण्याच्या नजरेत. त्यांनी दिलेल्या नैराश्यावरील उपचाराची चाचणीही झाली. तीन महिन्यांनंतर उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर केवळ सुधारित नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोकांची लक्षणे ठरलेल्या मर्यादेखाली आली होती.

पण हा दाखला शाळेत जसाच्या तसा उचलता येणार नाही. गोव्यातील समुपदेशकाला रुग्णाचे पेपर तपासायचे नव्हते. उपचारही ठरावीक भेटींचा होता. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे लोणी देवकर घ्या. एकीकडे शेती, दुसरीकडे औद्योगिक वसाहत. समजा, अशा गावातील शाळेत एखादी मुलगी बाईंना घरातली गोष्ट सांगते. याच बाई उद्या तिला गुण देणार आणि परवा बाजारात तिच्या आईला भेटणार. हा पेच तीन पायऱ्यांच्या मांडणीत नाही आणि गोव्याच्या मोजपट्टीतही नाही.

म्हणूनच चार दिवसांच्या शिबिरानंतर शिक्षकाला ‘समुपदेशक’ म्हणून एकटे सोडण्याला आमचा विरोध आहे. तो अजून पहिल्या पायरीवर असतो. शेरा लिहिणारा कोणी नसल्याने आपण तिसऱ्या पायरीवर पोहोचलो असे त्याला वाटू शकते आणि त्या गैरसमजाची किंमत मूल मोजते. शाळेत ध्वनिमुद्रण सहसा शक्य नसेल, योग्यही नसेल. पण दोन-तीन शाळांतील शिक्षकांना महिन्यातून एकदा जाणकारासह बसता येईल. मुलाचे नाव-गाव गाळून, संभाषण आठवेल तितके शब्दशः लिहून त्यावर चर्चा करता येईल. आणि जिवाला धोका किंवा अत्याचाराची शंका असेल तर महिन्याच्या बैठकीची वाट न पाहता तज्ज्ञांकडे आणि कायद्याने नेमलेल्या यंत्रणेकडे जायलाच हवे.

तेव्हा पुढच्या वेळी समुपदेशनाच्या शिबिराचे पत्र शाळेत आले, तर शिक्षकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: शिबिर संपल्यावर आमचे काम ऐकणार कोण?