डॉक वॉटसन : अस्सलपणाचा प्रश्न

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डोंगराळ भागात, डीप गॅप या खेड्याजवळ ३ मार्च १९२३ रोजी आर्थेल वॉटसन जन्मला. वर्षाचा होण्याआधीच डोळ्यांच्या संसर्गाने त्याची दृष्टी गेली. पुढे 'डॉक' या नावाने तो गिटारवादनाचा मानदंड ठरला. आपल्या वऱ्हाडात असा माणूस दिसला की 'प्रज्ञाचक्षू' हा शब्द लगेच ओठांवर येतो. तान्हेपणीच अंध झालेल्या माधानच्या गुलाबराव महाराजांना ते बिरुद शोभले. पण डॉकची कला अंधत्वातून उपजली असे म्हणणे म्हणजे त्याच्या मेहनतीचा हिशेब टाळणे होय.

हा हिशेब घरापासून सुरू होतो. वडिलांनी त्याला अकराव्या वर्षी हाताने बँजो बनवून दिला. त्यावर मढवलेले कातडे आजीच्या म्हाताऱ्या मांजराचे होते. (आपल्या वरातीत कळा दाबून वाजवतात तो बँजो वेगळा, हे कातड्याने मढवलेले, लांब दांडीचे तंतुवाद्य.) वडिलांनीच त्याला लाकूड कापायच्या दुहेरी करवतीच्या एका टोकाला उभे केले. आपण कामाचे आहोत, हे त्या करवतीने शिकवले, असे तो पुढे सांगत असे. दिवसभरात एक गाणे बसवशील तर गिटार घेऊन देईन, अशी वडिलांची अट त्याने पुरी केली आणि १२ डॉलरची गिटार घरात आली.

त्याचे गुरू मात्र बहुतेक तबकड्यांतले आणि रेडिओवरचे. अंगठ्याने खालच्या स्वरांवर चाल धरणारी मेबेल कार्टर, जिमी रॉजर्स, जॉर्जियाचा अंध गिटारवादक रायली पकेट आणि डेलमोर बंधू हे त्यांतले ठळक. मर्ल ट्रॅव्हिसचा प्रभाव तर असा की डॉकने मुलाचे नाव मर्ल ठेवले. 'डीप रिव्हर ब्लूज'मध्ये गाणे डेलमोर बंधूंकडून आलेले आहे आणि अंगठ्याचा ठेका ट्रॅव्हिसचा आहे. हा सांधा ज्याने ऐकला, त्याला 'परंपरा आपोआप झिरपते' हे वाक्य पटणार नाही. ती निवडावी लागते.

आता ब्लूग्रासकडे. केंटकीच्या बिल मन्रोने आपल्या 'ब्लू ग्रास बॉइज' या संचातून १९४०च्या दशकात घडवलेली ही शैली. तिच्यात फिडल, मँडोलिन आणि बँजो पुढे येऊन वाजत. गिटारकडे ठेका धरण्याचे काम. आपल्याकडे पेटीचे जे स्थान, तेच. डॉक काटेकोर अर्थाने ब्लूग्रासवाला नव्हता. तरीही या शैलीतली गिटार साथीतून पुढे आली ती मुख्यतः त्याच्यामुळे. त्याच्या आधी कोणी नव्हते असे नाही. हँक गार्लंड आणि ग्रेडी मार्टिन त्याने रेडिओवर ऐकले होते. पण पुढच्या पिढीतला क्लॅरन्स व्हाइट डॉकला ऐकून बदलला आणि व्हाइटला ऐकून टोनी राइस घडला.

हे घडले कसे? १९५३च्या सुमारास डॉक जॅक विल्यम्सच्या नाचाच्या संचात विजेची गिटार वाजवू लागला. त्याआधी तो पियानो लावून देण्याची कामेही करत असे. संचात फिडलवाला नव्हता, पण नाचणाऱ्यांना फिडलच्या चाली हव्या होत्या. त्या डॉकने गिटारवर बसवल्या. फिडलच्या गजाच्या एका ओढीत अनेक स्वर निघतात. गिटारवर जवळजवळ प्रत्येक स्वर छेडावा लागतो. सरोदियाच्या जव्यासारखी पट्टी वर-खाली चालवत, मात्रेवर खालचा आणि अधल्यामधल्या जागी वरचा आघात देत त्याने ती भरधाव गती साधली. १९६४च्या पहिल्या स्वतंत्र तबकडीवरील 'ब्लॅक माउंटन रॅग' हे त्या पोटापाण्याच्या वादनाचे फळ आहे.

१९६० साली लोकसंगीताचा अभ्यासक राल्फ रिन्झलर क्लॅरन्स अ‍ॅशलीचे ध्वनिमुद्रण करायला डोंगरात आला, तेव्हा त्याला डॉक भेटला. डॉकच्या हाती विजेची गिटार होती. रिन्झलरने साध्या लाकडी गिटारचाच आग्रह धरला. डॉकला जगापुढे आणल्याचे श्रेय रिन्झलरचेच. १९६३च्या न्यूपोर्ट महोत्सवाने त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु श्रोत्यांनी ज्याला डोंगरातले निर्मळ, जुने वादन समजून टाळ्या दिल्या, त्यातले उत्तम ते त्याच नको असलेल्या विजेच्या गिटारवर, नाचाच्या फरशीशेजारी तयार झाले होते. माझ्या मते डॉकच्या चरित्रातला हाच कळीचा मुद्दा आहे.

हा प्रश्न परका नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४०मध्ये पेटीवर बंदी घातली, तीही शुद्धतेच्याच नावाने, आणि ती तीसएक वर्षे टिकली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गोंड आणि कोलाम पोडांवर दंडार असते, गावोगावी भजनी मंडळे आहेत. तिथे मी वही घेऊन जातो तेव्हा कलावंत आधी विचारतो, "साहेब, जुनं वाजवू का?" पाहुण्याला काय हवे ते त्याला ठाऊक असते. पण तोच माणूस लग्नसराईत धुमालमध्ये वाजवतो. तिथे त्याचा हात कसा बदलला, हे आपण टिपत नाही. वहीत उतरते ती आपली आवड, आणि तिलाच आपण त्याची परंपरा म्हणतो.

साथीला असलेला मुलगा मर्ल १९८५मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात गेला, तरी डॉक वाजवत राहिला. मुलाच्या नावाने १९८८पासून भरणाऱ्या महोत्सवात त्याने शैलीची कुंपणे ठेवली नाहीत; परंपरेत आणखी जे काही वाजवावेसे वाटेल ते सारे तिथे चाले. २९ मे २०१२ रोजी तो गेला. अस्सल काय, हे वाजवणाऱ्याला विचारावे. आणि विचारताना, पोटासाठी काय वाजवता, हेही विचारावे.