छंद लागतो, दान करावं लागतं



आजचा विषय अनिल अवचटांच्या लेखनातला छंद आणि दान असा आहे. या दोन गोष्टी एका व्याख्यानात कशाला, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. छंद आपल्यासाठी असतो, दान दुसऱ्यासाठी. आपल्या घरातल्या कपाटातही अवचट असेच दोन फळ्यांवर विभागलेले असतात. एका फळीवर 'माणसं', 'गर्द', 'कार्यरत', म्हणजे समाजाचे अवचट. दुसरीवर 'छंदांविषयी', म्हणजे ओरिगामीचे, बासरीचे, लाकूड कोरणारे अवचट. पहिली फळी वाचून आपण अस्वस्थ होतो आणि दुसरी वाचून बरं वाटून घेतो. ही वाटणी मला मान्य नाही. तिच्यामुळे दोन्ही फळ्यांवरची पुस्तकं अर्धीच वाचली जातात, असं माझं म्हणणं आहे.

आधी शब्दांपासून सुरुवात करू. तत्त्वज्ञानाच्या मास्तराची ती खोडच असते. (हशा) मराठीत आपण 'मला बागकामाचा छंद लागला' असं म्हणतो. छंद 'लागतो'. आणखी काय काय लागतं? भूक लागते, तहान लागते, ओढ लागते. आणि व्यसन लागतं. क्रियापद तेच. म्हणजे भाषेने छंद आणि व्यसन एकाच दावणीला बांधलेत. दोन्ही माणसाला पकडतात, दोन्हींत तो वेळेचं भान विसरतो. दान मात्र लागत नाही. दान 'करावं' लागतं. तिथे निश्चय आहे, हिशेब आहे, थोडी जबरदस्तीसुद्धा आहे.

आता लक्षात घ्या, की मराठीत छंदांवर इतकं मन लावून लिहिणारा हा माणूस व्यसनमुक्तीच्या कामात आयुष्यभर गुंतलेला होता. हा मला योगायोग वाटत नाही. १९८०च्या दशकात अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी पैसे देऊ केले, आणि १९८६ साली पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. त्या कामाचा कणा होता डॉ. सुनंदा अवचट यांचा. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. व्यसनाने माणूस कसा आक्रसत जातो, हे अवचटांनी रोज जवळून पाहिलं. आधी मित्र सुटतात, मग काम, मग घर, शेवटी उरते ती एक पुडी. आणि ती पुडीही पुरत नाही, मात्रा वाढवावी लागते.

छंदाचं उलटं असतं. कागदाचा पक्षी शंभराव्यांदा घडी घालून केला तरी पुरतो. उलट तो पक्षी करताना आपण खऱ्या पक्ष्याच्या मानेकडे नीट बघायला लागतो. व्यसन जग लहान करतं आणि छंद मोठं करतो, हा फरक 'छंदांविषयी'मध्ये सिद्धान्त म्हणून कुठे मांडलेला नाही. पण 'गर्द' आणि ते पुस्तक शेजारी ठेवून वाचा, म्हणजे तो आपोआप दिसतो. म्हणून मी म्हणतो, फळ्या एक करा.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता अडचणीकडे येऊ.

पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा एक प्रसिद्ध निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्यासमोरचं उदाहरण आपल्याच भूमीतलं होतं. १९७१मध्ये पूर्व बंगालमधून भारतात लोटलेले लाखो निर्वासित. सिंगरचा युक्तिवाद अगदी साधा आहे. तुम्ही एका डबक्याजवळून जाताय, आत एक मूल बुडतंय. कपडे चिखलाने खराब होतील म्हणून तुम्ही पुढे निघून जाल का? नाही ना? मग ते मूल डबक्यात असलं काय किंवा हजार मैलांवरच्या छावणीत असलं काय, फरक का पडावा? जे देऊन आपलं तितक्याच मोलाचं काही जात नाही, ते दिलंच पाहिजे.

हा युक्तिवाद मी अनेक वर्षं वर्गात शिकवला. त्यातून निसटायची वाट मुलं नेहमी शोधत, आणि ती सहज सापडत नसे. आता हाच दिवा छंदावर धरा. संध्याकाळी दोन तास मी बासरी वाजवतो. त्या दोन तासांत मी शिकवणी घेऊन पैसे मिळवू शकलो असतो, आणि ते पैसे कुणाचा जीव वाचवू शकले असते. मग माझी बासरी म्हणजे त्या डबक्याकाठी जपलेले कपडेच की! इथे बसलेल्या आपल्यापैकी बरेच जण निवृत्त आहेत. हातात वेळ आहे, थोडं निवृत्तिवेतन आहे, आणि वर्षं मोजकी आहेत. ती कशात घालवायची, हा आपल्यासाठी पुस्तकी प्रश्न नाही.

या प्रश्नाला मला कान्टची मदत होते. १७९७च्या 'नीतीची मीमांसा' या ग्रंथात कान्ट म्हणतो, की कर्तव्य ठरतील अशी दोन साध्यं आहेत : स्वतःची पूर्णता आणि इतरांचं सुख. आपल्या अंगच्या शक्ती गंजू न देणं आणि दुसऱ्याच्या सुखाला हातभार लावणं, ही दोन्ही त्याने एकाच रांगेत बसवली. दोन्हींत किती करायचं, कधी करायचं, यात माणसाला थोडी मोकळीक आहे. अजिबात न करण्याची मोकळीक मात्र नाही. म्हणजे सगळं दानात ओतून स्वतःला कोरडं ठेवणं, हेही कान्टच्या हिशेबात चुकतं.

आणि आता खरी गंमत पाहा. कान्ट म्हणतो, ही जोडी उलटी करू नका. स्वतःचं सुख आणि दुसऱ्याची पूर्णता, असं कर्तव्य होत नाही. आपण मात्र नेमकं हेच करतो. छंद म्हणजे स्वतःचं सुख, आणि दान म्हणजे दुसऱ्याला सुधारणं! देणगी देताना आपण हळूच अटी घालतो : दारू पिऊ नको, मुलाला शिकव, स्वच्छ राहा. देणारा बघता बघता हेडमास्तर होतो. (हशा) हसू नका, मी काही काळ हेडमास्तरांच्या खुर्चीशेजारीच बसायचो.

अवचटांचं सामाजिक लेखन या दोषापासून बरंचसं मुक्त आहे आणि ती त्याची मोठी ताकद आहे. ते समोरच्याला बोलू देतात. वाक्यं छोटी, बोलण्याच्या लयीची, लेखक जवळजवळ अदृश्य. 'गर्द'मधला व्यसनी मुलगा आपल्याला आधी माणूस म्हणून भेटतो, आजारी म्हणून नंतर.

पण 'छंदांविषयी' वाचताना माझी तक्रार सुरू होते. तीच छोटी वाक्यं तिथे मला फार गुळगुळीत वाटतात. एका छंदातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हे मन इतक्या सहज जातं, की छंदातला कंटाळा, अडलेला हात, महिनोन्‌महिने न जमणारा सूर यांचं वजन वाचकापर्यंत पोचत नाही. स्पर्धा नको, प्राविण्याचा हव्यास नको, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण न जमण्यातही एक शिक्षण असतं. ते हलकं करून सांगितलं, की छंद विरंगुळ्याच्या पातळीवर उतरतो.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. याच लेखकाने निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर लिहिलंय, हमालांवर लिहिलंय. विडी वळणाऱ्या बाईची बोटं डोळ्यांसमोर आणा. पान कापणं, तंबाखू भरणं, गुंडाळणं, टोक दुमडणं. ही बोटं ओरिगामी करणाऱ्या बोटांपेक्षा काकणभर जास्तच कुशल आहेत. घडी तीच, चपळाई तीच. मग एकीला आपण छंद म्हणतो आणि दुसरीला मजुरी, ते कशामुळे? घडी कधी थांबवायची, हे एकीच्या हातात आहे आणि दुसरीच्या नाही, एवढाच तो फरक आहे. छंदाचा प्राण कौशल्यात नसून सवडीत आहे. हा प्रश्न विचारायला अवचटांइतका अधिकारी लेखक मराठीत दुसरा नव्हता. निपाणीही त्यांनी पाहिली होती आणि कागदाची घडीही त्यांच्या बोटांत होती. पण छंदांवर लिहिताना निपाणीचा अवचट मला हवा तितका भेटत नाही.

स्वतःच्या सवडीबद्दल मात्र ते प्रामाणिक होते. सुनंदाबाईंनी नोकरी केली, त्या पगारावर संसार चालला आणि अवचटांना लिहायला-फिरायला मोकळीक मिळाली, हे त्यांनी कधी लपवलं नाही. मी ही गोष्ट टोमणा म्हणून सांगत नाही. माझ्या युक्तिवादाची ती किल्ली आहे. प्रत्येक छंदामागे कुणीतरी दिलेली सवड असते. कुणी पगार आणतं, कुणी स्वयंपाक करतं, कुणी मूल सांभाळतं. म्हणजे छंदाच्या मुळाशीच एक दान आहे, बहुतेक वेळा घरातल्या बाईने केलेलं, आणि त्याची पावती कुणी फाडत नाही.

आता पावतीवरून पुलंकडे जाऊ. पुलंचा पैसा आला कुठून? 'बटाट्याची चाळ', 'वाऱ्यावरची वरात' यांच्या प्रयोगांतून आणि पुस्तकांतून. हार्मोनियमवर बोटं फिरवणाऱ्या, नकला करणाऱ्या एका माणसाच्या खेळकरपणातून तो आला. त्यातून 'पु. ल. देशपांडे फाउंडेशन' उभं राहिलं. त्या पैशाची पारख आणि हिशेब सुनीताबाईंनी किती काटेकोरपणे सांभाळला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. काहींना तो काटेकोरपणा रुक्ष वाटतो. मला तो नैतिक गुण वाटतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत. परतफेडीच्या आशेने किंवा कष्टी मनाने दिलेलं ते राजस. अवमान करून, भलत्या ठिकाणी दिलेलं ते तामस. सात्त्विक दानाला स्थळ, काळ आणि पात्र पाहावं लागतं. म्हणजे भावनेचा उमाळा पुरत नाही, डोकं लावावं लागतं. सुनीताबाईंची वही हे त्या श्लोकावरचं उत्तम भाष्य आहे, असं मी म्हणेन.

शंकराचार्य तर गीताभाष्यात दानाचा अर्थ 'संविभाग' असा करतात. म्हणजे आपल्या शक्तीप्रमाणे वाटून घेणं. या शब्दात देणारा वर आणि घेणारा खाली, अशी पायरीच राहत नाही. एका ताटातलं दोघांनी वाटून घेतलं, एवढंच.

इथे एक मोह टाळला पाहिजे. अवचट प्रवासात अनोळखी मुलांना कागदाचे प्राणी करून देत, ही गोष्ट आपल्याला फार आवडते. त्या देण्यात पैसा नाही, उपकार नाही, ऋण नाही. सुंदर आहे. पण म्हणून 'मी कागदाचा पक्षी दिला, माझं दान झालं' असं कुणी म्हणू लागलं, तर ती पळवाट आहे. मुक्तांगण कागदाच्या पक्ष्यांवर उभं राहिलं नाही. तिथे खाटा लागल्या, औषधं लागली, माणसांचे पगार लागले. जिथे पैसा हवा तिथे पैसाच द्यायला हवा. सिंगरचं डबकं कवितेने बुजत नाही.

मग या दोन्ही गोष्टी एकत्र कशा येतात? माझं उत्तर असं, की दुसऱ्याच्या सवडीसाठी दान करा.

आपण गरजूंच्या गरजा परस्पर ठरवून टाकतो. त्यांना धान्य हवं, चादर हवी, वह्या हव्यात. खरंच हव्यात, आणि आधी त्याच हव्यात. पण तिथेच थांबलो तर आपण मनातल्या मनात म्हणत असतो, की पोट त्यांना, मन आम्हाला. वरोऱ्याजवळचं आनंदवन आठवा. दयेच्या भिकेला बाबा आमट्यांचा कडवा विरोध होता. कुष्ठरोग्याला काम मिळालं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पण आनंदवन कामापाशीही थांबलं नाही. तिथे पुढे 'स्वरानंदवन' नावाचा वाद्यवृंद उभा राहिला. कुष्ठमुक्त आणि अपंग कलाकारांनी रंगमंचावर येऊन गाणं म्हटलं, नाच केला. भाकरी, मग काम, मग गाणं, असा तो क्रम आहे. तिसऱ्या पायरीसाठी देणगी मागायला आपल्याकडे अजून लोक संकोचतात, आणि द्यायला आपण त्याहून जास्त संकोचतो. शाळेच्या भिंतीसाठी देणगीदार सापडतो, कारण भिंतीवर नाव कोरता येतं. त्याच शाळेला पेटी घेऊन द्या म्हटलं, तर लोक म्हणतात, 'चैन कशाला?' आपल्या नातवाला मात्र कीबोर्डचा क्लास लावलेला असतो.

म्हणून आपल्या वयाच्या मंडळींना माझं एक सांगणं आहे. निवृत्तीनंतर जुना छंद पुन्हा हाती घ्या, जरूर घ्या. चाळिशीत गुंडाळून ठेवलेला तबला उघडा. तो कान्टच्या मते हक्कच काय, कर्तव्य आहे. पण तबल्यावर हात ठेवताना एवढं स्वतःला विचारा, की ही सवड मला कुणी दिली? आणि माझ्या घरात भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या आठवड्यात अशी एक दुपार आहे का? नसेल, तर भरपगारी सुट्टीची ती दुपार मी देऊ शकतो का? त्या दुपारी त्यांनी काय करायचं, हे मात्र आपण ठरवायचं नाही. ठरवलं, की पुन्हा हेडमास्तर!

अवचट २०२२च्या जानेवारीत गेले. मागे त्यांनी दोन फळ्यांवरची पुस्तकं ठेवलीत. त्यांना जोडणारं पुस्तक त्यांनी लिहिलं नाही, अशी माझी तक्रार आहे. पण तिचं साहित्यही त्यांनीच पुरवलंय. तेव्हा ती पुढे नेण्याचं काम आता वाचकांचं आहे.

मला दिलेली वेळ संपली. आता तुम्ही बोला. प्रश्न असतील ते विचारा, आणि मतभेद असतील तर ते आधी सांगा.