ख्रिस्तपुराण आणि आमचा प्रबंध

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणावर मराठीत आजवर जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक लेखन भाषेच्या अभ्यासकांनी केले आहे. मराठी भाषेची त्यांनी केलेली स्तुती भाषणांतून उद्धृत होते, परकीय असूनही या साधूचे मराठीवर केवढे प्रेम, असे म्हणून टाळ्या पडतात, आणि ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची सारी कीर्ती अशा रीतीने चार-पाच ओव्यांवर उभी राहिली आहे. उरलेल्या ओव्यांत काय आहे, असे विचारणारा क्वचितच भेटतो. त्यांत ईशज्ञान आहे. म्हणून या लेखात आम्ही हे पुराण भाषेचा नमुना म्हणून वाचणार नाही. ईशज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यास करून, त्यावर प्रबंध लिहून धर्मग्रामात परतलेल्या एका धर्मगुरूने ते कसे वाचले, एवढेच येथे सांगायचे आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेले स्टीफन्स रोममध्ये येशूसंघात दाखल झाले आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला पोहोचले. पुढील जवळजवळ चाळीस वर्षांचा त्यांचा बहुतेक काळ साष्टीत गेला. ही साष्टी गोव्याची, आपल्या ठाण्याजवळची नव्हे. १६१६ मध्ये राचोल येथे त्यांचे पुराण रोमन लिपीत छापले गेले. देशी अक्षरांचे साचे करून मिळावेत म्हणून १६०८ मध्ये त्यांनी रोमला वरिष्ठांकडे विनंती केली होती, पण ती फळाला आली नाही. १६१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले. १६४९ आणि १६५४ मध्ये पुराणाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या, तथापि या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी रोमन लिपीतील आवृत्ती काढली, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांच्या परिश्रमाने पुण्याहून देवनागरीत पुराण आले. मराठीतला हा ग्रंथ मराठी अक्षरांत छापून यायला ३४० वर्षे लागली.

आता ग्रंथाकडे वळू. आरंभी मंगलाचरण आहे, आणि तेथेच लेखकाची जात कळते. पुराणिकाच्या पद्धतीने नमन होते, पण ते पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला. मग पवित्र मरियेला, देवदूतांना आणि संतांना. त्रैक्याचा सिद्धांत स्टीफन्स प्रथम समजावून देत नाहीत, ते प्रथम त्याला वंदन करतात. आम्ही सेमिनरीत त्रैक्य शिकलो तेव्हा व्याख्या आधी आल्या, त्यानंतर पाखंडी मते आली, आणि वंदनाचा विषय अभ्यासक्रमात आलाच नाही. ते प्रार्थनामंदिरातले काम समजले गेले.

नमनानंतर प्रसंग येतो. साष्टीतल्या एका देवळात धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्री-गुरूपुढे गाऱ्हाणे मांडतो. तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी तशी दुसरी आम्हांला का देत नाही, असा त्याचा प्रश्न आहे. सबंध ग्रंथ या प्रश्नाला उत्तर म्हणून उभा आहे. पहिल्या पुराणात सृष्टीच्या निर्मितीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. पण मधूनमधून श्रोता थांबवतो, विचारतो, आणि गुरूला कथा सोडून उत्तर द्यावे लागते. टीकाकारांनी याला संवादशैली म्हटले आहे. आम्हांला ती केवळ शैली वाटत नाही. कोणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, हे या लेखकाने लेखणी उचलण्यापूर्वीच ठरवले होते, आणि त्याचा प्रश्नकर्ता रोममध्ये नव्हता, समोरच्या बाकावर बसलेला होता.

त्या गाऱ्हाण्याचा दंश मात्र विसरता कामा नये. पुराणे बंद झाली ती राजसत्तेच्या जोरावर. साष्टीतली देवळे पाडली गेली होती. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांची हत्या झाली, आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावकऱ्यांच्या प्रमुखांना ठार केले. स्टीफन्स तेव्हा साष्टीतच होते. मूर्तिपूजेविषयी त्यांची भाषा काही ठिकाणी आजच्या वाचकाला, आणि आम्हांलाही, बोचते. तरीही या माणसाने आपल्यावरच रोखलेले गाऱ्हाणे ग्रंथाच्या दारात ठेवले, त्याला वगळले नाही, ही गोष्ट आम्ही फार मोठी मानतो.

शब्दांच्या बाबतीतला त्यांचा विवेक तर पदव्युत्तर वर्गात महिनाभर शिकवावा असा आहे. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात, तारणाला मुक्ती. श्रोत्याच्या मनात ज्या ओढीला आधीच घर आहे, त्या घराचे नाव ते बदलत नाहीत. त्या नावासोबत विष्णूचीही आठवण आत येईल, ही जोखीम पत्करतात. पण संस्कार, ख्रिस्तसभा, पवित्र आत्मा यांच्यासाठी मात्र छापील परंपरेत पोर्तुगीज-लॅटिन शब्द तसेच राहतात. नव्या वस्तूला त्यांनी नवे नाव राहू दिले. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात याच जागी संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. ते स्टीफन्स यांचे की मागाहून कोणी घातलेले, यावर विद्वानांत वाद आहे. आम्हांला या वादाच्या निकालापेक्षा वादाचा विषय मोलाचा वाटतो. ‘सॅक्रामेंट’ला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी ईशज्ञानाचाच प्रश्न होता. आज तो आम्ही भाषांतरकारावर सोपवून मोकळे होतो. शिवाय प्रस्तावनेत ते सांगतात की देवाच्या गोष्टींसाठी मराठी सर्वांत योग्य वाटली, पण शुद्ध मराठी पुष्कळांना कळत नाही म्हणून तीत ब्राह्मणांच्या बोलीतले, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द मिसळले. भाषेची शुद्धता गेली तरी चालेल, ऐकणारा सुटता कामा नये, असा हा निर्णय आहे.

आता आमच्या प्रबंधाकडे. वाचकांपैकी अनेकांच्या घरात एखादा मुलगा सेमिनरीत असेल, म्हणून ही पद्धत सांगतो. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून पाच वर्षांची पहिली पायरी, त्यावर एका विशेष शाखेत दोन वर्षांचा लायसेन्शिएट, आणि पुढे डॉक्टरेट. १९७९ च्या ‘सापिएन्शिया क्रिस्तियाना’ या पोपच्या आदेशाने ही चौकट घातली आणि पोप फ्रान्सिस यांच्या २०१७ च्या ‘वेरितातिस गाउदियुम’ने ती नव्याने मांडली. धर्मविद्याशाखेत लॅटिनचे पुरेसे ज्ञान अपेक्षित असते. बायबलच्या अभ्यासकाला हिब्रू आणि ग्रीक हवी. आम्ही ही सर्व कष्टाची वाट चाललो आणि तिच्याविषयी आम्हांला कृतज्ञताच आहे. पण ज्या भाषेत आम्हांला पुढे तीस वर्षे आजाऱ्यांजवळ, नवदांपत्यांसमोर आणि कबरीच्या काठावर बोलायचे होते, तिच्यात एका ईशज्ञानविषयक प्रश्नाचे उत्तर लिहा, असे आम्हांला कोणत्याही परीक्षेत सांगितले गेले नाही. आम्हीही कधी मागणी केली नाही. दोष अर्धा आमचाच.

त्याचे फळ आम्हांला एका घरात मिळाले. पदवी घेऊन परतून वर्ष झाले असेल. तीन दिवसांचे बाळ गेले होते, स्नानसंस्कार राहून गेला होता. आई आतल्या खोलीत होती. आजीने आम्हांला खुर्ची दिली आणि उभ्या उभ्याच विचारले, “फादर, त्याच्या डोक्यावर पाणी पडलं नव्हतं. मग तो कुठं गेला?” या प्रश्नावर आम्ही पुष्कळ वाचले होते. ‘लिंबो’ हे मत ख्रिस्तसभेने कधीही श्रद्धासत्य म्हणून घोषित केले नाही, १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ अशा बालकांना देवाच्या करुणेवर सोपवतो, आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ मध्ये त्यांच्या तारणाची आशा धरायला सबळ आधार असल्याचे लिहिले आहे, हे सर्व आम्हांला ठाऊक होते. इंग्रजीत दहा मिनिटे बोलता आले असते. मराठीत आमच्या तोंडून दोनच शब्द निघाले: “देवाची इच्छा.” आजीने तर मूल का गेले असे विचारलेच नव्हते. तिने मान हलवली आणि पाणी आणायला आत गेली. ‘आशा’ हा शब्द तिला ठाऊक होता, आम्हांलाही ठाऊक होता. तो त्या खोलीत उच्चारावा, एवढा तो आमच्या अभ्यासाशी जोडलेला नव्हता.

यावर एक रास्त आक्षेप येईल. इंग्रजीवाचून जगभरच्या विद्वानांशी बोलणे कसे होणार? मराठीतला प्रबंध तपासणार कोण? आक्षेप खरा आहे. बिशप थॉमस डाबरे यांचा तुकारामांच्या ईश्वरानुभवावरील ग्रंथ १९८७ मध्ये पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठाने प्रकाशित केला तो इंग्रजीत, आणि फादर नेल्सन फाल्काव यांचा ख्रिस्तपुराणावरील २००३ चा अभ्यासग्रंथही इंग्रजीत. दोन्ही ग्रंथ आम्हांला आदरणीय वाटतात. तुकोबांना आणि स्टीफन्स यांना जगापुढे नेण्याचे काम इंग्रजीवाचून झाले नसते. फादर फाल्काव तर तेथे थांबले नाहीत. पुढे त्यांनी पुराण आजच्या मराठी वाचकासाठीही सिद्ध केले. ही परतीची वाट आम्हांला मोलाची वाटते. प्रबंध इंग्रजीत असो. पण पदवी देण्यापूर्वी त्याच विषयाचे एक प्रकरण विद्यार्थ्याने आपल्या लोकांच्या भाषेत लिहावे, आणि ते वाचणाऱ्यांत एक प्रापंचिक शिक्षक वा शिक्षिका असावी, एवढे मागणे फार नाही. हिंदी आणि तमिळ प्रांतांत येशूसंघीयांनी लोकभाषेतून ईशज्ञान शिकवण्याचे प्रयोग केलेलेच आहेत. आता धर्मभगिनी आणि प्रापंचिक मंडळीही हे अभ्यासक्रम करू लागली आहेत, आणि घरी परतल्यावर त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहणार आहे.

जे एकदा उभे राहिले होते ते तुटले कसे, याचाही उल्लेख करावा लागेल. स्टीफन्स यांच्यानंतर एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच येशूसंघीयाने संत पीटरवर मराठीत तेवढेच मोठे पुराण रचले; तेही गोव्यातच छापले गेले. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, आणि ओवीत ईशज्ञान लिहिणारी ती पिढी निर्वंश झाली. आमच्यावर आज असा कोणताही हुकूम नाही.

गेल्या प्रायश्चित्तकाळात आम्ही धर्मग्रामात दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर पुराणाचा थोडा भाग वाचायला घेतला. पहिल्या आठवड्यात चौदा माणसे थांबली. जुनी भाषा जड जाते. एकेक ओवी तीनदा वाचावी लागते, आणि मंगळूरहून लग्न होऊन आलेल्या एका भगिनीला कोकणी शब्द आमच्यापेक्षा आधी कळतात, त्यामुळे अर्ध्याअधिक वेळा गुरू त्याच असतात. चौथ्या शुक्रवारी एका शाळकरी मुलाने विचारले की पाद्रींनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले तर चालले, मग आपण का म्हणत नाही? आम्ही त्याला पुढच्या शुक्रवारचा वायदा केला. तो शुक्रवार गेला, पास्काही झाला. मुलगा मिस्सानंतर अजून विचारतो.