आर्ग्युमेंट करू नका!

‘आर्ग्युमेंट’ हा शब्द मराठी माणसाने इंग्रजीकडून घेतला खरा, पण त्याच्या सगळ्या अर्थांतला सर्वांत किरकोळ तेवढा घेतला. भांडण! मंडईत जाऊन, भरल्या पेटीतून नेमका डागी आंबा निवडून आणावा, तसं.

वास्तविक हा शब्द चांगल्या घरातला. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ स्पष्ट करणे, सिद्ध करणे. मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ १६६७ साली निघालं, तेव्हा बऱ्याच वाचकांनी मागणी केली म्हणून प्रकाशकाने पुढच्याच वर्षी त्यात प्रत्येक सर्गाचा गद्य सारांश घालून घेतला. त्या सारांशाचं नाव ‘आर्ग्युमेंट’. म्हणजे भांडण लावणारं नव्हे, समजूत पटवणारं प्रकरण. भाषाशास्त्रवाले तर म्हणतात, क्रियापदालासुद्धा आर्ग्युमेंट लागतात. ‘देणे’ला तीन : कोणी, काय, कोणाला. आम्हा बँकवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. यातलं एक राहिलं तरी व्हाउचर परत येतं.

गणितात फंक्शनला जे पुरवायचं ते आर्ग्युमेंट. आमच्या घरी फंक्शन म्हणजे मुंज नाहीतर बारसं, आणि त्याला आर्ग्युमेंट पुरवावं लागत नाही. आहेराच्या साडीवरून ते आपोआप होतं. पण एक्सेलमध्ये पीएमटी नावाचं फंक्शन आहे. (पुणेकरांनी स्टॉपकडे धावू नये. ती पीएमटी २००७ साली पीएमपीएमएलमध्ये विलीन झाली.) कर्जाचा हप्ता काढायला त्याला किमान तीन आर्ग्युमेंट लागतात : व्याजाचा दर, हप्त्यांची संख्या आणि मुद्दल. दोनच दिलीत की यंत्र तक्रार करतं, आर्ग्युमेंट कमी पडली! उभ्या आयुष्यात मला असं म्हणणारं हे पहिलंच कुणी भेटलं.

आपल्याकडे हा घोळ नव्हता. गौतमाच्या न्यायसूत्रांत तीन खाती वेगवेगळी आहेत. सत्य शोधायला बोलायचं तो वाद, जिंकायला बोलायचं तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची मोडायची ती वितंडा. आपण तिन्ही खाती एका लेजरात ओतली आणि वर ‘आर्ग्युमेंट’ची चिठ्ठी चिकटवली. आता कारण विचारणारा आणि कडाकडा भांडणारा, दोघेही एकाच रकान्यात जमा.

माझा राग आहे तो इथे. परवा आमच्या काउंटरवर ऐंशीच्या घरातले एक निवृत्त मास्तर आले. पैसे काढण्याच्या स्लिपवरची सही नमुना सहीशी जुळेना. मास्तर शांतपणे म्हणाले, ‘‘सही माझीच आहे. हात कापतो, म्हणून अशी येते. कागद द्या, तुमच्यासमोर दहा वेळा करतो, दहाही अशाच येतील.’’ प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण. गौतमाने अनुमानाचे पाच अवयव सांगितलेत. मास्तरांनी त्यातले तीन उभ्या उभ्या, काठी सावरत दिले.

आमचे तरुण साहेब स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, ‘‘काका, आर्ग्युमेंट करू नका.’’

आता नियम खातेदाराच्याच पैशाच्या रक्षणासाठी असतो, हे मीही रोज दहाजणांना सांगतो. साहेबांनी तेवढं सांगितलं असतं, तरी तो वाद झाला असता. पण त्यांनी ना स्वतःची बाजू मांडली, ना मास्तरांची मोडली. न्यायसूत्रांत बावीस निग्रहस्थानं आहेत. निग्रहस्थान म्हणजे जिथे पोचलेला माणूस हरला असं धरायचं, ती जागा. उत्तर न सुचणं ही त्यातलीच एक. तिला ‘अप्रतिभा’ असं छान नाव आहे. फिरत्या खुर्चीत बसून त्याच जागी पोचलं, की मात्र माणूस जिंकला असं धरतात. हा सोळा पदार्थांत न बसलेला सतरावा पदार्थ.

मास्तरांनी पुढे एक अक्षर काढलं नाही. चाळीस वर्षं मुलांची अक्षरं वळवलेल्या त्या माणसाने अखेर स्टँप पॅडवर अंगठा टेकवला. अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात. त्यातला एक मी. माझी सही कुणी ताडून पाहिली नाही.