डेकवरचा झुंबा

मुंबई-गोवा क्रूझच्या डेकवर सकाळी झुंबाचा वर्ग भरला होता. १९९०च्या दशकात कोलंबियाच्या बेटो पेरेझने एरोबिक्सच्या वर्गात साल्सा-मेरेंगेची गाणी लावली, तिथून हा प्रकार आला. इथे ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ वाजत होतं. नाच म्हणून मला तो कच्चाच वाटतो. लेझमीत शेजाऱ्याचा ठेका ऐकून पाऊल टाकावं लागतं. झुंबात सगळ्यांची नजर समोरच्या प्रशिक्षकावर. शेजारी कोण आहे, याने काही फरक पडत नाही.

आई मात्र मागच्या रांगेत नाचत होती. पावलं चुकत होती, ती हसत होती. अहमदपूरच्या वरातींमध्ये ती कायम कडेला, पदर सावरत उभी असते. तिथे सगळे शेजारीच असतात. मी ज्याला झुंबाचा दोष म्हणत होतो, त्यानेच आईला मोकळं केलं होतं.